स्लाइडवरची सर्वांत लहान ओळ

कोलंबिया हे अमेरिकेचे अंतराळयान १६ जानेवारी २००३ रोजी झेपावले, तेव्हा बाह्य इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचा एक तुकडा निखळून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच या आघाताचा अंदाज नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्सच्या आधारे मांडण्यात आला. त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. मात्र तिच्या तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात, बारीक अक्षरांत अशी नोंद होती की चाचणीतील तुकडा ३ घन इंचांचा, तर प्रत्यक्षातील तुकडा सुमारे १,९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा होता. परतीच्या प्रवासात, १ फेब्रुवारीला, यान विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेचे खापर एका स्लाइडवर फोडणे अन्यायाचे ठरेल. तरीही माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेल्या तिच्या चिकित्सेची दखल चौकशी मंडळाने आपल्या अहवालात घेतली.

स्लाइडवर अक्षराचा आकार आणि त्याची जागा यांवरून प्रेक्षक मजकुराचे महत्त्व ठरवतो, आणि तेही वाचण्याआधीच. म्हणून ज्या आकड्यावर निर्णय अवलंबून आहे तो तळाशी गेला, की लिहिलेला असूनही तो सांगितला गेला नाही असेच म्हणावे लागते. यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे शीर्षकात विषयाचे नाव न देता निष्कर्षाचे पूर्ण वाक्य लिहिणे. ‘चाचण्यांचा आढावा’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘तुकडा चाचणीतल्यापेक्षा ६४० पट मोठा असल्याने हानीचा अंदाज विश्वसनीय नाही’ हे वाक्य मात्र निर्णयच मागते. त्याखाली जवळजवळ दीड इंच आणि साडेबारा इंच बाजू असलेले दोन घन एकाच प्रमाणात शेजारी रेखाटले, तर आणखी मजकुराची गरजही उरत नाही. उरलेला तपशील छापील टिपणात द्यावा, कारण वक्ता बोलत असताना पडद्यावरचा दाट मजकूर वाचणारा प्रेक्षक धड ऐकू शकत नाही आणि धड वाचूही शकत नाही.

मराठी स्लाइडच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक असते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांट्या, मात्रा व रफार आणि अक्षराखाली उकार येत असल्याने, रोमन लिपीसाठी बेतलेल्या साच्यातील ओळींचे अंतर तसेच ठेवल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात, आणि मागच्या रांगेतून जोडाक्षरे ओळखणे कठीण होते.