मुलाची मान काळी पडली? घासू नका, आधी हे वाचा!

मंगरूळपीर : पोराची मान काळी पडली की आंघोळीच्या वेळी ती दगडाने, लिंबाने, बेसनाने घासणाऱ्या आया गावोगावी आहेत. मातीत खेळतो, घाम येतो, मळ साचला, असा समज. पण पोरगं अंगाने जाड असेल आणि मानेमागची, काखेतली कातडी जाडसर, मखमलीसारखी काळपट झाली असेल, तर तो मळ नसतो. बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन वाढल्याची ती खूण असते. घासून कातडी सोलेल, काळेपणा जाणार नाही.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींत पोहोचवायचं काम इन्सुलिनचं. पोटात आणि यकृतात चरबी साठली की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. मग स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडतं. काही वर्षं हे खपून जातं, रिपोर्टमध्ये साखर नॉर्मल दिसते. स्वादुपिंड थकलं की ऐन तरुणपणात शुगर निघते. तोवर घरात कौतुक चालू असतं, "खात्यापित्या घरचं लेकरू आहे!"

हा फक्त शहराचा किंवा जाड मुलांचाच प्रश्न आहे असंही नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी जवळपास १० टक्क्यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. जास्त वजनाची मुलं मात्र ५ टक्क्यांच्या आसपासच होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं हेच मांडलं आहे. आपल्याकडे माणूस दिसायला बारीक असतो, पण अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी.

स्नायू कमी असणं इथं नडतं. बाजार समितीत मोठा खरेदीदार आलाच नाही तर सोयाबीन पडून राहतं. साखरेचं तसंच आहे. रक्तातल्या साखरेचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. आणि स्नायू जोर लावून काम करत असतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो. व्यायाम थांबल्यावरही काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, इन्सुलिनचं काम सोपं होतं.

अमेरिकेतील पिट्सबर्ग इथला २०१२ सालचा एक अभ्यास यासाठी पाहण्यासारखा आहे. १२ ते १८ वयाच्या ४५ लठ्ठ मुलांचे गट केले. एका गटाला चालणं-धावणं, एकाला ताकदीचा व्यायाम, एकाला काहीच नाही. आठवड्यातून तीन दिवस, तासभर, तीन महिने. खाणं कमी करायला लावलं नव्हतं. व्यायामाच्या दोन्ही गटांत पोटातली आणि यकृतातली चरबी उतरली. पण इन्सुलिनचा परिणाम सुधारला तो ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांत.

मुलींवर त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी अभ्यास केला तेव्हा उलटं निघालं. तिथं चालण्या-धावण्याचा फायदा जास्त दिसला. कॅनडात ३०० हून अधिक मुलामुलींवर झालेल्या अभ्यासात, जे नियमित आले त्यांना दोन्ही मिळून केलेला व्यायाम सर्वांत लागू पडला. त्यामुळे "फक्त जिम लावा" किंवा "फक्त चाला" असं सांगणाऱ्याचं अर्धंच ऐकावं. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणंही तेच आहे, रोज तासभर हालचाल आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस ताकदीचा व्यायाम.

जिम नाही म्हणून अडायचं कारण नाही. जोर, बैठका, मल्लखांब हा ताकदीचाच व्यायाम. आपल्याच विभागातल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली मंडळी देशी व्यायाम दाखवून आली. आज मात्र दहावी आली की पीटीचा तास गणिताला जातो आणि मुलींचं खेळणं तर आठवीतच सुटतं.

जाड मुलाला पहिल्याच दिवशी पन्नास बैठका सांगू नका. गुडघे धरतील, चारचौघांत हसू होईल आणि तो पुन्हा येणार नाही. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून जोर, दहा वेळा. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन चालायचं. थोडं थांबून तेच आणखी एकदा. एक दिवसाआड करायचं, श्वास रोखायचा नाही. सोपं वाटू लागलं की आकडा वाढवायचा, भिंतीऐवजी ओटा, मग जमीन. वजन उचलल्याने उंची खुंटते ही भीती खोटी आहे. मात्र शिकवणारा जवळ हवा आणि ओझं झेपेल एवढंच हवं. पावडरी आणि इंजेक्शनं विकणाऱ्यांपासून पोरांना लांब ठेवा.

काटा मात्र रोज पाहू नका. चरबी उतरून स्नायू वाढला तर काटा तिथंच दिसतो आणि घरचे म्हणतात, काही फरक नाही. त्यापेक्षा सुतळी घ्या. पोराच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा आणि कमरेभोवती लावा. टोकं जुळत नसतील तर पोटावर चरबी जास्त आहे. महिन्याने पुन्हा लावून पाहा.

व्यायाम सुरू करण्याआधी काही गोष्टी डॉक्टरांना विचाराव्याच लागतात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा मुलांना उन्हात, पाणी न पिता जोराचा व्यायाम धोक्याचा ठरू शकतो. त्यांच्यात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी शुगरची तपासणीही चुकीचा आकडा दाखवू शकते. धाप लागणं, चक्कर, छातीत दुखणं असेल तर थांबा. सारखी तहान, सारखी लघवी आणि वजन आपोआप उतरतंय, असं दिसलं तर व्यायामाची वाट पाहू नका, त्याच दिवशी साखर तपासा. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे पुन्हा तपासून उपचार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येतं, तेव्हा मुलाची मान त्यांना दाखवायला सांगा.