निळा कोल्हा आणि बाहीवरची फीत

लहानपणी आजी मला कोल्ह्या-सिंहाच्या गोष्टी सांगायची आणि शेवटी म्हणायची, "गर्वाचे घर खाली." सहावीत मी या शाळेत आलो आणि त्या गोष्टी घरीच राहिल्या. यंदा वाचनालयात पंचतंत्र हाती आले, तेव्हा त्या पुन्हा भेटल्या.

पंचतंत्राची सुरुवात आपल्यासारख्या मुलांपासूनच होते. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाच्या तिन्ही मुलांना अभ्यासाचा कंटाळा होता. विष्णुशर्मा या पंडिताने सहा महिन्यांत त्यांना राजनीती शिकवण्याचा विडा उचलला आणि त्यासाठी प्राण्यांच्या गोष्टी निवडल्या. राजपुत्राला तोंडावर गर्विष्ठ म्हटले तर तो रागावेल. कोल्ह्याला म्हटले तर तो आधी हसेल आणि मग विचार करेल.

'मित्रभेद' या पहिल्या तंत्रात चंडरव नावाचा कोल्हा आहे. कुत्रे मागे लागतात म्हणून तो एका घरात शिरतो आणि निळीच्या पिंपात पडतो. निळा होऊन जंगलात परतल्यावर सगळे प्राणी त्याला घाबरतात. मग तो सांगतो, ब्रह्मदेवाने मला तुमचा राजा केले आहे. सिंह-वाघांना तो कामे वाटून देतो आणि स्वतःच्या जातभाईंना, म्हणजे कोल्ह्यांना, हाकलून देतो. एके दिवशी दुरून कोल्हेकुई ऐकू येते, त्याला राहवत नाही आणि तोही ओरडतो. सोंग उघडे पडते आणि जीव जातो.

लहानपणी मला वाटायचे, त्याची चूक ओरडण्यात होती. आता वाटते, खरी चूक आधीच झाली होती. रंग अपघाताने लागला होता. आपल्या माणसांना हाकलणे मात्र त्याने स्वतः ठरवले होते.

हे मला कळले, कारण मीही तेच केले. यंदा एनसीसीत मला लान्स कॉर्पोरलची फीत मिळाली. आमच्या बॅचमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच. सहावीत घरच्या आठवणीने मी रडायचो, तेव्हा तो माझ्या पलंगावर येऊन बसायचा. फीत मिळाल्यावर मी इतरांसमोर त्याच्याशी मराठी बोलणे बंद केले. तो "अरे" म्हणाला, तर मी त्याला हिंदीत "रँकने बुलाओ" असे सुनावले. त्यानंतर तो गप्पच झाला.

महाभारताच्या कर्णपर्वात शल्य कर्णाला कावळा आणि हंसाची गोष्ट सांगतो. उष्ट्यावर पोसलेला कावळा हंसांपुढे फुशारकी मारतो की, मला उडण्याचे एकशे एक प्रकार येतात. हंसाला एकच प्रकार येतो. समुद्रावर पोहोचल्यावर कावळा थकतो आणि बुडू लागतो. हंस त्याला पाठीवर घेऊन परत आणतो.

माझा समुद्र म्हणजे परेड ग्राउंड. स्पर्धेच्या सरावात मी 'थम' चुकीच्या पायावर दिला. अर्धे थांबले, अर्धे चालत राहिले. सगळे हसले, पण तो हसला नाही. संध्याकाळी तो होस्टेलमागे आला आणि म्हणाला, "आधी पाय मोजायला शीक. चल, मी चालतो, तू थांबव." अंधार पडेपर्यंत तो चालत राहिला. मी त्याची माफी मागितली, तीही मराठीत.

आत्मविश्वास आणि गर्व यांतला फरक मी आता असा ओळखतो: आत्मविश्वास असलेला माणूस विचारतो, "मला हे येते का?" गर्विष्ठ माणूस विचारतो, "मी कोण आहे, माहीत आहे ना?" पहिला प्रश्न विचारणारा सरावाला जातो. दुसरा विचारणाऱ्याजवळ हळूहळू कोणी उरत नाही.

फीत अजून बाहीवर आहे. ती बाहेरून लागलेला रंग आहे, हे रोज इस्त्री करताना मी स्वतःला सांगतो.