अल्प खर्चांत संकेतस्थळ: साधन कसें निवडावें?

शेतमाल पिकविणें हें एक काम व तो विकणें हें दुसरें. अलीकडे कित्येक बागाईतदार व गुऱ्हाळवाले आपला गूळ, बेदाणा, हळद किंवा आंबा अडत्याच्या हातीं न देतां पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकास थेट पाठवूं लागले आहेत. माल कोणाचा, भाव काय व मागणी कोठें नोंदवावी हें अशा गिऱ्हाइकास घरबसल्या समजावें यासाठीं संकेतस्थळ, ज्यास बोलण्यांत वेबसाईट म्हणतात, उपयोगी पडतें. पूर्वीं त्यासाठीं जाणत्या कारागिराकडे जावें लागे. हल्लीं तयार सांच्यांत मजकूर व छायाचित्रें भरून तें स्वतःच उभारतां येतें. असे सांचे फुकट किंवा भाड्यानें देणाऱ्या सेवांस वेबसाईट बिल्डर म्हणतात. त्यांच्या जाहिराती पुष्कळ व दर नाना तऱ्हेचे असल्यामुळें लहान धंदेवाला गोंधळून जातो. यास्तव निवड करतांना काय पाहावें याचा विचार येथें केला आहे.

प्रथम नांव आपल्या खात्यावर

संकेतस्थळाचे दोन भाग असतात. एक त्याचा पत्ता, म्हणजे डोमेन नांव, व दुसरा त्यावरील पानें. नांव ही जमीन व पानें ही इमारत असें समजावें. इमारत भाड्याची असली तरी चालेल; जमीन मात्र आपल्याच खात्यावर पाहिजे. डोमेन नांव कायमचें विकत मिळत नाहीं. तें 1 ते 10 वर्षांपर्यंत नोंदवितां येतें व मुदत संपण्यापूर्वीं नूतनीकरण करावें लागतें. देशाच्या नांवें असलेलें ‘.इन’ व 2014 पासून देवनागरींत मिळूं लागलेलें ‘.भारत’ हे दोन्ही प्रकार आपणांस उपलब्ध आहेत.

पुष्कळदां असें घडतें कीं, संकेतस्थळ तयार करून देणारा इसम तें नांव स्वतःच्या ई-मेलवरून स्वतःच्याच नांवें नोंदवितो. पैसे शेतकऱ्याचे व उतारा दुसऱ्याचा, असा हा प्रकार होय. पुढें बेबनाव झाला किंवा तो इसम धंदा सोडून गेला म्हणजे पेट्यांवर छापलेला पत्ता निरुपयोगी होतो. सातबारावर आपलें नांव लागलें कीं नाहीं हें जसें आपण फेरफार मंजूर होतांच पाहतों, तसेंच डोमेनच्या नोंदींत नांव, ई-मेल व फोन आपले आहेत हें पहिल्याच दिवशीं पाहावें.

दुसऱ्याच्या पत्त्यावर विसंबून राहण्याचा धोका 2024 सालीं दिसून आला. गूगल कंपनी आपल्या धंदानोंद सेवेंतून लहान व्यापाऱ्यांस एक पानाचें संकेतस्थळ फुकट देत असे. मार्च 2024 मध्यें तीं सर्व स्थळें बंद करण्यांत आलीं. जुना पत्ता उघडणारास गूगलवरील नोंदीकडे वळविण्याची सोय होती, तीही 10 जून 2024 पर्यंतच. ज्यांनीं स्वतःचें नांव घेतलें होतें त्यांस तेंच नांव दुसऱ्या सेवेस जोडतां आलें. ज्यांनीं फुकटचा पत्ता पावत्यांवर व खोक्यांवर छापला होता त्यांचें छापील काम वायां गेलें.

साधनांचे प्रकार

पहिला प्रकार केवळ माहितीच्या पानाचा. गूगल साईट्स ही सेवा फुकट असून तिला स्वतःचें डोमेन नांव जोडतां येतें. तींत खरेदीची टोपली किंवा पैसे घेण्याची सोय नाहीं. परंतु मालाची माहिती, भाव, छायाचित्रें, फोन व व्हॉट्सॲपचा दुवा देण्यास ती पुरेशी आहे.

दुसरा प्रकार विक्स व स्क्वेअरस्पेस यांचा. येथें सांचा, जागा व दुरुस्ती हीं सर्व एकाच भाड्यांत मिळतात व काम शिकण्यास सोपें असतें. विक्सचा फुकट वर्गही आहे, पण त्यांत पानावर त्या कंपनीची जाहिरात व पत्त्यांत तिचेंच नांव राहतें. शिवाय विक्सवर उभारलेलें स्थळ जसेंच्या तसें उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं. भाडेकरूस घर सोडतांना भिंती नेतां येत नाहींत, तोच हा न्याय.

तिसरा प्रकार वर्डप्रेसचा. या नांवाच्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक 2003 पासून सर्वांस मोफत असलेली आज्ञावली. ती बसविण्यासाठीं जागा मात्र आपण भाड्यानें घ्यावयाची. दुसरी त्याच नांवाची भाड्याची सेवा. मोफत आज्ञावलीस वूकॉमर्स हें जोडसाधन लावलें म्हणजे दुकान होतें, व तें सर्व दुसऱ्या जागामालकाकडे हलवितां येतें. परंतु वेळोवेळीं सुधारित आवृत्ति चढविणें व प्रत काढून ठेवणें हें काम आपल्याकडे येतें. घरांत जाणता मुलगा किंवा मुलगी नसल्यास ही स्वस्ताई महाग पडते.

चौथा प्रकार शॉपिफायसारख्या संपूर्ण दुकानाचा. मागणी, शिल्लक माल व पाठवणी यांचा हिशेब तेथें एकत्र राहतो. भारतांत मात्र त्या कंपनीची स्वतःची पैसे घेण्याची व्यवस्था नसल्यामुळें दुसऱ्याची घ्यावी लागते. व तसें केल्यास कंपनी विक्रीवर आपला वेगळा आकार लावते.

हिशेब पेटीवर काढावा

जाहिरातींत पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर ठळक अक्षरांत असतो. आपण नूतनीकरणाचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा, व तो 18 टक्के जी.एस.टी. धरून कीं वगळून हेंही विचारावें. नंतर एकूण खर्च विकलेल्या पेट्यांवर वांटावा.

उदाहरणार्थ, एक गुऱ्हाळवाला वर्षांत 600 रुपयांच्या 200 पेट्या विकतो असें धरूं. विक्री 1,20,000 रुपये. दुकानाचें भाडें कर धरून दरमहा 1,500, म्हणजे वर्षाचे 18,000 रुपये. पैसे स्वीकारणारी संस्था 2 टक्के घेते असें धरल्यास 2,400 व त्यावर जी.एस.टी. 432. दुकानवाल्या कंपनीचा विक्रीवरील आकार 2 टक्के धरल्यास आणखी 2,400. एकूण 23,232 रुपये, म्हणजे पेटीमागें सुमारें 116 रुपये. हा खर्च अडत्याच्या दलालीहून कमी कीं जास्त, हें ज्याचें त्यानें ताडून पाहावें.

त्याच गृहस्थानें फुकटचें माहितीचें पान घेऊन केवळ डोमेन नांवासाठीं वर्षास 1,000 रुपये खर्चिले, मागणी व्हॉट्सॲपवर घेतली व पैसे यूपीआयनें थेट खात्यांत घेतले, तर खर्च पेटीमागें 5 रुपये पडतो. यूपीआयनें बँकखात्यांतून येणाऱ्या पैशांवर जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्यास आकार नाहीं. मात्र प्रत्येक मागणी हातानें लिहावी लागते. दिवसास दोनचार मागण्या असतील तोंवर वही पुरते. पन्नास येऊं लागल्या म्हणजे चुका होतात व तेव्हां दुकानाचें भाडें वसूल होतें.

आंब्यासारख्या हंगामी मालास निराळा नियम लावावा. वार्षिक भाडें महिन्याच्या हिशेबीं स्वस्त दिसलें, तरी विक्री तीनच महिने असल्यास मासिक दरानें तीन महिने घेणें पुष्कळदां कमी खर्चाचें होतें. दुकान बंद ठेवलें तरी डोमेन नांव मात्र बारमाही चालू ठेवावें.

पानावर काय असावें

ग्राहक संरक्षणाचे ई-व्यापाराविषयींचे नियम 2020 सालीं झाले आहेत. आपल्या स्थळावर माल विकणारानें नांव, पत्ता, संपर्क व तक्रार ऐकणाराचें नांव स्पष्ट द्यावें. गूळ, काकवी यांसारख्या तयार खाद्यपदार्थांस एफ.एस.एस.ए.आय.चा क्रमांक द्यावा. कोल्हापुरी गुळास 2014 सालीं, सांगलीच्या बेदाण्यास 2016 सालीं व कोंकणच्या हापुसास 2018 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे; परंतु अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्यावांचून तें चिन्ह आपल्या पानावर लावूं नये.

सारांश, नांव स्वतःच्या खात्यावर घ्यावें, दर दुसऱ्या वर्षाचा पाहावा, व सेवा सोडतांना गिऱ्हाइकांची व मालाची यादी आपल्या हातीं येईल कीं नाहीं हें आधीं विचारून घ्यावें. प्रारंभ फुकटच्या पानानें करून एक हंगाम मागण्या मोजाव्या व मगच दुकानाचें भाडें पत्करावें. पीक पाहून खळें करावें, तसेंच हें आहे.