खाडीचे पक्षी आणि तिथीचे गणित

खाडीवर पक्षी पाहायला जायचे, तर आधी पंचांग उघडावे. रानात पहाट साधली की निम्मे काम होते. खाडीत मात्र पक्ष्यांचा दिवस सूर्याहून अधिक भरती-ओहोटीवर चालतो. कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. आम्ही फाल्गुन वद्य चतुर्थी निवडली. चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती आणि त्याआधी सुमारे सव्वासहा तास, नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. तिथी एकाने पुढे सरकली की भरती पाऊण तासाने पुढे जाते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्याचाच हा ठोकताळा. विद्यार्थ्यांकडून महिनाभराचे कोष्टक करून घ्यावे.

ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले. २०२२ मध्ये खाडीला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या काठावर आम्ही पोहोचलो तेव्हा तिवरांपलीकडे लांबवर चिखल उघडा पडला होता आणि त्यावर पक्षीच पक्षी.

सगळे एकाच ताटात जेवत होते, पण एकच पदार्थ नव्हे. आखूड चोचीचे चिखल्या धावत, थबकत वरवरचे किडे टिपत होते. मळगुजाची लांब चोच थेट चिखलात घुसते. तिचे टोक स्पर्शाला इतके संवेदनशील, की न दिसणारी अळीही सापडते. रोहिताचे तंत्र निराळेच. तो चोच उलटी धरून पाण्यात बुडवतो, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आत घेतो आणि चोचीच्या कडांवरील दातेरी पट्ट्यांतून बाहेर टाकतो. अन्न आत राहते. छोट्या रोहिताची ही गाळणी फार बारीक, त्यामुळे त्याला सूक्ष्म नीलहरित शैवाल मिळते. मोठ्या रोहिताची जाडसर, ती कोळंबीवर्गीय बारके जीव पकडते. गुलाबी रंगही या अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचाच. थव्यातली राखट पिल्ले पाहून ‘ही दुसरी जात का?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले. जात तीच, रंग चढायला काही वर्षे लागतात.

अकरानंतर पाणी चढू लागले, तसे पक्षी काठाकडे सरकत आले. निरीक्षणाची उत्तम वेळ हीच. दोनपर्यंत चिखल पाण्याखाली गेला आणि थवे उठले.

हे थवे जातात कोठे? भांडुपकडची मिठागरे, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी अशा उथळ जागी. तेथे ते एका पायावर उभे राहून ओहोटीची वाट पाहतात. नकाशावर अभयारण्याची हद्द रेखून पाहिली, तर या विश्रांतीच्या जागा तिच्या बाहेर पडतात. त्यांवर भराव पडला किंवा भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली, तर खाडीतला चिखल शाबूत राहूनही रोहिताची अडचण होते. भरतीचे तास काढायचे कोठे? आमच्या मते पक्षीगणनेइतकीच या जागांची नोंद शाळांनी ठेवायला हवी.

अंधार पडायच्या सुमारास एक रांग खाडीकडे परतली. रात्री साडेनऊला पुन्हा ओहोटी होती, आणि रोहित रात्रीही चरतात. अन्न पाण्यातून गाळून घ्यायचे असल्याने उजेडावाचून त्यांचे अडत नाही.