हात बसतो तो कुठे?

फ्रान्समधल्या ईटर या अणुसंमीलन प्रकल्पाचा क्रायोस्टॅट म्हणजे सुमारे 3,850 टनांचं स्टेनलेस स्टीलचं अजस्र भांडं. त्याचे भाग हजिऱ्यात, लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडले. शेवटचे 2020 मध्ये रवाना झाले. असं काम करणाऱ्या वेल्डरबद्दल म्हणतात, ‘हात बसलाय त्याचा.’ बसलाय खरा, पण मनगटात नव्हे. स्नायू काहीच लक्षात ठेवत नाहीत. सराव साठतो तो मेंदूत. टॉर्च केसभर सरकली की डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू ती चूक टिपतो आणि पुढची हालचाल सुधारतो. आकाराने लहान, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्याकडेच आहेत.

मुरलेल्या कारागिराचा हात मुळीच थरथरत नाही, हाही भ्रमच. निरोगी हातही सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा बारीक कापतो. कडक चहानंतर जरा जास्तच. जाणता वेल्डर म्हणूनच कोपर टेकवून आर्क पेटवतो.

आता तापलेल्या पत्र्याला बोट लागलं तर? ‘मेंदूने हुकूम दिला म्हणून हात मागे आला’ असं आपण समजतो. प्रत्यक्षात निरोप मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि तिथूनच स्नायूंना परतीचा हुकूम सुटतो. मेंदूला खबर मागाहून लागते, म्हणून ‘आई गं’ निघतं ते हात सुटल्यावर. नंतर रेंगाळणारी आग वेगळ्या, संथ तंतूंतून येते. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर, तर स्नायूंना हलवणाऱ्या जाड तंतूंचा शंभरेक मीटर.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज लकव्याचा. हात लुळा पडला की ‘वारा लागला’ म्हणून तेल चोळायचं. काही ठिकाणी तर कबुतराचं रक्तही. मेंदूच्या झटक्यात हाताचे स्नायू सुरुवातीला शाबूत असतात. हुकूम देणाऱ्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो किंवा तिथे रक्तस्राव झालेला असतो. उजवा हात गेला तर बिघाड बहुधा डाव्या मेंदूत. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅननंतर. तेव्हा मालिशवाला न शोधता 108 फिरवावा. वेळ मोजतात ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रात्रपाळीहून येऊन झोपलेला कामगार तसा सापडला, तर तो झोपला कधी हे डॉक्टरांना आधी सांगावं.