सिमेंटचा पत्रा फोडण्याआधी

मे महिना निम्मा सरला की मांजरीच्या वस्त्यांमध्ये छपरांवर माणसे दिसू लागतात. मागच्या पावसात गळलेला पत्रा बदलायचा असतो, तडा गेलेल्या जागी डांबर लावायचे असते, नाहीतर मुलाच्या लग्नाआधी मागची खोली वाढवायची असते. घणाचा एक घाव घातला की जुन्या पत्र्याचे तुकडे होतात. कटर लावला की पांढरा धुरळा उडतो. खाली बाई झाडू घेऊन उभीच असते, पोरे तुकडे उचलून रस्त्यावर रेघोट्या मारतात. उरलेले तुकडे बोळातल्या चिखलात भर म्हणून जातात, किंवा मोकळ्या प्लॉटवरच्या राडारोड्यात.

आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यातल्या बहुतेक जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. हा एक खनिज दगड आहे, पण कापसासारखा पिंजता येतो. शंभर किलोच्या पत्र्यात साधारण आठ ते दहा किलो ॲस्बेस्टॉस, बाकी सिमेंट वगैरे. पत्रा अख्खा असेपर्यंत हे तंतू सिमेंटमध्ये बऱ्यापैकी अडकून असतात. पत्रा कापला, फोडला, घासला, किंवा ऊनपावसाने वरचा थर भुसभुशीत झाला, की ते सुटतात. माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पट बारीक असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर खोल फुफ्फुसात जातात आणि शरीर त्यांना विरघळवू शकत नाही.

त्यातून तीन मोठे आजार होतात. फुफ्फुसे आतून कडक होत जातात, त्याला ॲस्बेस्टोसिस म्हणतात. दुसरा फुफ्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसावरच्या पातळ आवरणाचा कर्करोग. कर्करोग दिसायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षे लागतात. पंचविशीत उडालेली धूळ साठीत हिशेब मागते, आणि तोवर कोणाला ती धूळ आठवतही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोग करतात, आणि नुसत्या कामाच्या ठिकाणच्या संपर्काने जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात.

कोणी म्हणेल, ताई, हा कारखान्यातल्या कामगारांचा आजार, आपला काय संबंध? हाच प्रश्न पूर्वी डॉक्टरांनाही पडला होता. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण जगापुढे मांडले. त्यांतले अनेक जण खाणीत कधी उतरलेच नव्हते, फक्त खाणीजवळ राहिले होते. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन या डॉक्टरांनी अशा ७६ रुग्णांची चौकशी केली. त्यांतल्या नऊ जणांच्या घरातले कोणीतरी ॲस्बेस्टॉसच्या कामावर होते, आणि यांत बहुतेक नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायका होत्या. कामाशी वा घरातल्या कपड्यांशी संबंध नसलेले ३६ जण उरले, त्यांतले ११ कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले होते. हे वाचताना मला आपल्या धुणे धुणाऱ्या आयाबहिणी दिसतात.

इटलीतल्या कासाले मोनफेर्रातो गावाची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. तिथला सिमेंट पत्र्यांचा कारखाना १९०७ ते १९८६ चालला. कारखान्यातला उरलेला भुगा लोक अंगणात, वाटेवर भर म्हणून घालत. फुकटात मिळणारी भर कोण सोडणार? कारखाना बंद झाला, १९९२ साली इटलीने ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, तरी पुढे कित्येक दशके त्या गावात मेसोथेलिओमाचे रुग्ण निघतच राहिले. त्यांत कारखान्याची पायरीही न चढलेली माणसे होती.

खाणीतले निळे ॲस्बेस्टॉस मेसोथेलिओमाच्या बाबतीत आपल्या पत्र्यातल्या पांढऱ्यापेक्षा जास्त घातक असते, हे खरे. पत्रेवाले तेवढेच सांगतात आणि थांबतात. पांढरेही कर्करोग करते, हे सांगत नाहीत. पन्नासहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केले आहे. आपल्याकडे ते बाहेरून आयात होते आणि त्याचे पत्रे उघड विकले जातात.

आपल्या महाराष्ट्रातही पुरावा आहे. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची डॉ. मुरलीधर आणि कान्हेरे यांनी तपासणी केली, ती २००५ साली छापून आली. ४१ जणांना ॲस्बेस्टोसिस होता, म्हणजे जवळजवळ चारात एक. त्याच्या दहा वर्षे आधी, २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की कामगाराचे आरोग्य हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यातले जे उशिराचे असेल तोवर ठेवावी, असाही आदेश दिला.

पण नोंद कारखान्यातल्या माणसाची. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. अडारकरांना कामगार आरोग्य विम्याच्या कामावर नेमले गेले आणि त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा भरपाईच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत आहेत. आपल्या वस्तीतला जो भाऊ ठेकेदाराबरोबर तोडकामाला जातो, हडपसरच्या जुन्या शेडचे पत्रे उतरवतो, त्याच्याकडे ना कार्ड असते ना हजेरीचा कागद. ठेकेदार दर दोन वर्षांनी वेगळा. तीस वर्षांनी छाती भरली तर तो कोणाकडे बोट दाखवणार?

म्हणून ज्या घरात असा माणूस आहे, त्या घराने दोन गोष्टी याच महिन्यात कराव्यात. पहिली, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी. पाडकामही कायद्याने बांधकामातच मोडते. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो. दुसरी, एक साधी वही. कोणत्या साली, कुठे, कोणाकडे, काय काम केले, धूळ होती का, एवढेच लिहायचे. जुने एक्सरे फेकू नका, त्याच वहीबरोबर पिशवीत ठेवा.

वहीचा उपयोग दवाखान्यात होतो. दम लागतो, कोरडा खोकला जात नाही, एका बाजूला छाती दुखते, फुफ्फुसात पाणी झाले, असे सांगितले की आपल्याकडे आधी टीबीचा विचार होतो. तो व्हायलाच हवा. पण थुंकीत जंतू सापडत नाहीत, औषधे पूर्ण होऊनही दम तसाच राहतो, तेव्हा डॉक्टरांपुढे ती वही उघडा आणि "मी वीस वर्षे पत्रे फोडले आहेत" असे स्वतः सांगा. ओपीडीच्या गर्दीत हे कोणी विचारत नाही, मी वॉर्डात वर्षानुवर्षे केस पेपर भरले आहेत. विमा असेल तर बिबवेवाडीचे ईएसआय रुग्णालय आहे, नसेल तर ससूनचा छातीरोग विभाग. आणि विडी, सिगारेट सोडा. ॲस्बेस्टॉस आणि धूर एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो.

आता घरातल्या पत्र्याचे. अख्खा, घट्ट बसलेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून रात्री झोप उडवून घेऊ नका, उद्याच काढायची घाईही नको. तो घासू नका, त्याला भोके पाडू नका, वरचे शेवाळ कोरडे खरवडू नका. काढायचाच असेल तर आधी पाण्याने चिंब भिजवा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवा. घण नको, कटर तर नकोच. लहान मुले आणि गरोदर बाई तेवढा वेळ दुसऱ्या गल्लीत पाठवा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा ओढणी हे तंतू अडवत नाही. खाली सांडलेले झाडूने झाडायचे नाही, ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यायचे. काम करणाऱ्याने कपडे न झटकता पाण्यात बुडवावेत, वेगळे धुवावेत. तुकड्यांची चुलीला आडोशी करू नका. तापला की हा पत्रा फटाक्यासारखा उडतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. नव्या छपराला टिनचा पत्रा घ्या. तापतो, आवाज करतो, तरी घ्या.

काही विहारांवरही असेच जुने पत्रे आहेत. वर्षावासात तिथे ग्रंथवाचन होते, म्हणून डागडुजी आषाढी पौर्णिमेआधी उरकतात. त्या दिवशी श्रमदानाला पोरे बोलावताना वरचे सगळे त्यांना आधी सांगावे.

उरतो तो राडारोडा. मांजरी बुद्रुक २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे, तेव्हा उघड्यावर पडलेल्या पत्र्यांच्या ढिगाची तक्रार हडपसर-मुंढवा क्षेत्रीय कार्यालयात करायची. अर्जात जागा, तारीख आणि "ॲस्बेस्टॉसचे तुकडे" हे शब्द स्पष्ट लिहा, दोन फोटो जोडा. महिला मंडळाच्या वीस सह्या असल्या तर अर्ज लवकर वाचला जातो. एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला. दोन्हीकडे पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.