शटरच्या पोटातली स्प्रिंग



सकाळी सोलापुरातील नवी पेठ किंवा विजापूर वेस या भागातून जाताना एक आवाज तुमच्या कानांवर नक्कीच पडतो. खर्रर्र! दुकानदार खाली वाकतो, कुलूप काढतो, दोन्ही हातांनी शटर थोडे उचलतो आणि पाहता पाहता ते वर जाते. चादरीचे दुकान असो, किराणा असो की शिंप्याचे, दिवसाची सुरुवात या आवाजानेच होते. अनेक घरांतही खालच्या मजल्यावर मोटार किंवा स्कूटर ठेवण्याच्या जागेला असेच शटर असते.

हे शटर किती जड असते, याचा कधी विचार केला आहे का? आपण हिशेब करून पाहू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड अशा पोलादी पत्र्याचे वजन सुमारे ७.८५ किलो भरते. दुकानाचे दार ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच असेल, तर त्याचे क्षेत्रफळ ७.५ चौरस मीटर झाले. म्हणजे सपाट पत्र्याचेच वजन जवळजवळ ५९ किलो झाले! शटरच्या पट्ट्या कडांना वळवून एकमेकींत अडकवलेल्या असतात, म्हणून पत्रा जास्त लागतो. शिवाय तळाला जाड पट्टी असते. म्हणजे खरे वजन याहूनही अधिक असते. एखाद्या धान्याच्या पोत्याइतके वजन एक म्हातारा दुकानदार रोज डोक्याच्या वर कसा नेतो बरे?

हे काम तो एकटा करत नाही. त्याला एक मदतनीस आहे. तो कोणाला दिसत नाही. तो शटरच्या पोटात बसलेला असतो. त्याचे नाव स्प्रिंग.

शटरच्या वर एक आडवा लोखंडी पाइप असतो. दोन्ही टोकांना तो भिंतीतील आधारांवर पक्का बसवलेला असतो. या पाइपवर गोल डब्या असतात आणि प्रत्येक डबीत पोलादाची लांब पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवलेली असते. तिचे आतले टोक पाइपला आणि बाहेरचे टोक डबीला जोडलेले असते. शटर खाली ओढले, की डब्या फिरतात आणि स्प्रिंग घट्ट आवळली जाते. आवळलेली स्प्रिंग पुन्हा सैल होऊ पाहते. तिचा हा जोर शटरला वर खेचतो. त्यामुळे दुकानदाराला फक्त थोडासा हातभार लावावा लागतो.

यात आणखी एक गंमत आहे. शटर पूर्ण बंद असते, तेव्हा सगळे वजन लोंबकळत असते. त्याच वेळी स्प्रिंगही सर्वांत जास्त आवळलेली असते. शटर जसजसे वर गुंडाळले जाते, तसतसे लोंबकळणारे वजन कमी होते आणि स्प्रिंगचा जोरही कमी होतो. तराजूची दोन्ही पारडी जवळजवळ बरोबरीत राहतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला. मर्यादेच्या आत स्प्रिंग जितकी ताणावी, तितका तिचा जोर वाढतो, असे त्यांनी सांगितले. आपल्या पेठेतले शटर रोज हाच नियम पाळते.

आता प्रश्न येतो निगेचा. एखादी तार तुम्ही पुन्हा पुन्हा वाकवली, तर ती शेवटी तुटते. स्प्रिंगचेही तसेच आहे. रोज आवळून आणि सैल होऊन ती वर्षानुवर्षांनी थकते. गंज लागला, तर ती लवकर थकते. निगा राखली, तर ती दीर्घकाळ टिकते.

सोलापूरचा उन्हाळा कडक असतो. पारा ४० अंशांच्या वर जातो आणि धूळही खूप उडते. शटरच्या दोन्ही बाजूंना ज्या उभ्या लोखंडी खाचा असतात, त्यांत ही धूळ साचते. मग शटर अडखळते. दुकानदार जोराने हिसका देतो. पट्ट्या वाकड्या होतात आणि स्प्रिंगवर भार येतो. म्हणून आठवड्यातून एकदा या खाचा कोरड्या ब्रशने झाडाव्यात. जुने काळे वंगण फडक्याने पुसून काढावे आणि नवे अगदी पातळ लावावे. जास्त वंगण लावणे चांगले नव्हे. त्याला धूळ चिकटते आणि चिखलासारखा थर तयार होतो.

खाचांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. ती का, हे ठाऊक आहे का? उन्हात लोखंड प्रसरण पावते. तापमान ३० अंशांनी वाढले, तर ३ मीटर लांबीची पट्टी सुमारे एक मिलिमीटरने लांब होते. मोकळी जागा नसेल, तर भर दुपारी शटर अडकून बसेल.

पावसाळ्यात शटरच्या तळाशी पाणी साचू देऊ नये. उंबरठा धुतल्यावर तळाची पट्टी पुसावी. गंज दिसल्यास तो घासून तेथे रंग द्यावा. विजेची उघडी तार शटरला कधीही लागू देऊ नये. शटर लोखंडाचे असल्याने त्यात वीज उतरू शकते.

शटर आजारी आहे, हे कसे ओळखावे? मोठ्या माणसाने ते कमरेइतके उचलून, हात जवळच ठेवून, पकड हळूच सैल करावी. निरोगी शटर साधारण तेथेच थांबते. ते धाडकन खाली येऊ लागले, तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा तुटली आहे, असे समजावे. ते आपोआप वेगाने वर पळाले, तर स्प्रिंगचा ताण जास्त आहे. एक बाजू वर आणि एक बाजू खाली राहत असेल, तरीही दुरुस्तीची वेळ आली आहे, असे समजावे.

ही दुरुस्ती मात्र घरी करू नये. स्प्रिंगमध्ये भरलेला जोर काही किलोंचा नसतो, सगळ्या शटरला उचलणारा असतो. पाइपचे बोल्ट चुकीच्या रीतीने सैल केले, तर तो जोर एका क्षणात सुटतो आणि हात मोडू शकतो. शटरचा अनुभवी कारागीर आधी शटरला आधार देतो. मग पाइप पान्याने घट्ट धरून ताण थोडा थोडा उतरवतो. अमेरिकेत मोटारीच्या खोलीला वर सरकणारे दार असते. त्यालाही अशीच ताणलेली स्प्रिंग असते आणि तेथेही तिचे काम जाणत्या कारागिरावरच सोपवतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण शाळा सुटल्यावर वडिलांच्या किंवा चाचांच्या दुकानात मदत करत असतील. त्यांनी तीन गोष्टी कधीच विसरू नयेत. शटर खाली येत असताना त्याच्याखालून पळू नका. वर जाणाऱ्या शटरला लोंबकळू नका. पट्ट्यांच्या मधल्या फटींत बोटे घालू नका. धाकट्या भावंडांनाही हे समजावून सांगा.

जाता जाता एक शब्दाची गोष्ट. मराठीतील ‘कुलूप’ हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटला का? तो तुमच्या ‘कुफ्ल’ या शब्दावरूनच आला आहे. दोन भाषा शेजारी राहिल्या, की त्यांची दारे अशीच एकमेकींसाठी उघडतात.

शब्दार्थ
निगा – काळजी, देखभाल
वंगण – यंत्राचे भाग सहज फिरावेत म्हणून लावायचे तेलकट द्रव्य
खाच – अरुंद, खोलगट जागा
पाना – बोल्ट फिरवण्याचे अवजार
प्रसरण पावणे – आकाराने वाढणे

स्वाध्याय
१. शटर वर जाताना स्प्रिंगचा जोर कमी का होतो?
२. खाचांना जास्त वंगण का लावू नये?
३. शटर बिघडल्याच्या कोणत्याही दोन खुणा लिहा.
४. उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधून लिहा.